सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर आलंय, तरी दादाला लिव्हर देता येईल का?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण वाचा. माझा थोरला भाऊ, वय ४९, लिव्हर सिरॉसिस. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही, शुगर मात्र लई वर्षांची आणि फॅटी लिव्हरकडं कुणी बघितलंच नाही, त्यातनंच हे झालं म्हणायलेत. पोटात पाणी साठतंय, मागं एकदा रक्ताची उलटी झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटचं स्पष्ट सांगितलंय. झेडटीसीसीच्या, म्हणजे मेंदू मृत झालेल्या माणसाचं लिव्हर वाटून देणाऱ्या केंद्राच्या यादीत नाव घाला पण घरातलं कोण देणार असेल तर नुसतं त्याच्यावर विसंबून बसू नका म्हणाले. दादाचा ब्लडग्रुप बी, वहिनींचा ए, म्हणजे त्या बाद. माझा ओ. वय ३९, उंची पाच फूट सात इंच, वजन ८१. मी द्यायला तयार आहे, बायकोशी पण बोलून झालंय. पुण्याला जायच्या आधी आपलं एकदा बघून घ्यावं म्हणून इथं कोल्हापुरातच सोनोग्राफी केली तर रिपोर्टात 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. झालं, घरात सगळ्यांची तोंडं उतरली. आत्या तर म्हणाली आता तुझंच लिव्हर खराब, तू काय देणार. खरंच एवढ्यावर रिजेक्ट करतात काय? पुण्याच्या लिस्टमध्ये सीटी पण आहे, एमआरआय पण आहे, फायब्रोस्कॅन पण आहे, एकाच लिव्हरचे एवढे फोटो कशाला? आणि बायोप्सी, म्हणजे सुईनं लिव्हरचा तुकडा काढून तपासणं, करावीच लागते का, त्याचीच खरी भीती वाटायलीय. कुणाच्या घरात झालं असेल तर सांगा.

राजारामपुरी_७वी_गल्ली
भावा पयला दम धर. माझ्या मेव्हण्यानं आमच्या सासऱ्यांना दिलंय, त्याचं पण ग्रेड १ च होतं. आज गडी गोकुळ शिरगावला रोज कामाला जातोय. मी पण द्यायला तयार होतो, पण जावई आणि सून कायद्यात जवळच्या नात्यात धरत नाहीत, त्याला वेगळी कमिटी लागते. सख्खा भाऊ म्हटल्यावर तुझं ते काम तरी सोपं हाय. बाकी डिटेल मला न्हाई माहीत, हितं एक सीटीवाले हायत ते सांगतील.

सीटीवाला_बावडेकर
हाक मारली म्हणून आलो. मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, मशीनचं तेवढं सांगतो, निर्णय तुमच्या टीमचा.

सोनोग्राफीतला ग्रेड हा डोळ्याचा अंदाज असतो. लिव्हर आणि शेजारची किडनी एका फ्रेममध्ये घेतात, लिव्हर किडनीपेक्षा जास्त पांढरं दिसलं की फॅटी. किती पांढरं त्यावर १, २, ३. आता ते पांढरं मशीनच्या सेटिंगवर पण बदलतं, पोटावरच्या चरबीनं पण बदलतं आणि बघणाऱ्यावर पण बदलतं. वीस-तीस टक्क्याच्या खालची चरबी सोनोग्राफीत धड पकडता येत नाही. म्हणजे ग्रेड १ लिहिलं म्हणून तुम्ही बाद नाही, आणि ज्याचं नॉर्मल लिहिलं तो पास पण नाही.

सीटीत आकडा मिळतो. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे हजार, शुद्ध चरबी साधारण उणे शंभरच्या आसपास. या मापाला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. चांगलं लिव्हर ५५ ते ६५ मध्ये असतं आणि प्लीहा, म्हणजे स्प्लीन, त्याच्यापेक्षा आठ-दहानं कमी. लिव्हरमध्ये चरबी शिरली की त्याचा आकडा खाली येतो, स्प्लीनचा येत नाही. म्हणून रक्तवाहिन्या उठून दिसायला डायचं इंजेक्शन देतात, त्याच्या आधीच्या साध्या फेरीत दोन्हीकडं स्क्रीनवर ठिकठिकाणी गोल टाकून सरासरी काढायची आणि लिव्हरमधनं स्प्लीन वजा करायचं. उत्तर अधिक ५ च्या वर आलं तर चरबी नसल्यातच जमा. अधिक ५ ते उणे १० मध्ये असेल तर थोडीफार आहे, साधारण ६ ते ३० टक्के. उणे १० च्या पण खाली गेलं तर ३० टक्क्याच्या वर समजायचं आणि डोनर बहुतेक तिथंच थांबतो. याला लिव्हर अटेन्युएशन इंडेक्स म्हणतात, एलएआय. रिपोर्टात हा आकडा लिहिलेला नसेल तर मागून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

मग इंजेक्शन देऊन पुढच्या फेऱ्या. त्यात चरबीचा संबंध नाही, तिथं लिव्हरची आर्टरी, पोर्टल व्हेन, हेपॅटिक व्हेन कुठनं कशी फुटलीय ते बघतात आणि उजवा भाग किती ग्रॅम, डावा किती याचा हिशोब काढतात. त्यामुळं सीटी टाळता येत नाही.

मंगळवारपेठी
सगळा पैशाचा खेळ हाय मर्दा. सोनोग्राफी झाली, सीटी झाली, मग परत एमआरआय कशाला? एका मशीनवर विश्वास न्हाई म्हणून दुसरं आणि दुसऱ्यावर न्हाई म्हणून तिसरं. बिल वाढवायचं साधन.

गारगोटीची_लेक
दादा, माझ्या पोटावर कापायचं होतं, तेव्हा मी म्हटलं अजून चार मशीन लावा. पेशंटला ऑपरेशनची गरज असते, डोनर तर ठणठणीत माणूस असतो, त्याला आपण टेबलावर झोपवतोय. लाखो रुपयांच्या ऑपरेशनमध्ये एमआरआयचे पैसे वाचवून काय करायचंय.

पोटोबा_एमडी
पुण्यात गॅस्ट्रोमध्ये शिकतोय, मूळचा कागलचा. मंगळवारपेठींचा प्रश्न रागात विचारलाय पण चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

सीटीची मर्यादा अशी की थोड्या चरबीत तिचा अंदाज ढोबळ असतो. आणि लिव्हरमध्ये लोह साठलं असेल तर आकडा वर चढतो, म्हणजे चरबी असून झाकली जाते. एमआरआयमध्ये चरबीतल्या आणि पाण्यातल्या प्रोटॉनचा सिग्नल थोड्या वेगळ्या गतीनं फिरतो, काही क्षणी दोघांची बेरीज होते, काही क्षणी वजाबाकी. मशीन असे बरेच क्षण टिपतं आणि त्यावरून एकूण सिग्नलमध्ये चरबीचा वाटा किती ते काढतं, लोहाचा परिणाम पण त्यातच दुरुस्त करतं. त्याला पीडीएफएफ म्हणतात. यासाठी इंजेक्शन लागत नाही, रेडिएशन नाही, एक श्वास रोखून धरला की सगळ्या लिव्हरचा नकाशा येतो. ५ टक्क्यांच्या वर गेलं तर फॅटी म्हणायचं. त्याच वेळी पित्तनलिकांचा एमआरसीपी पण होतो, जो ऑपरेशनसाठी हवाच असतो. म्हणजे एमआरआय तशीही व्हायचीच आहे, त्यात दोन मिनिटं जास्त.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथं होतो ते. एमआरआयचे १० टक्के आणि बायोप्सीचे १० टक्के एक नाहीत. पॅथॉलॉजिस्ट मोजतो शंभर पेशींपैकी किती पेशींमध्ये चरबीचा थेंब दिसतो. एमआरआय मोजते एकूण मालात चरबी किती. समजा गावातल्या शंभर घरांपैकी तीस घरांत गुळाची ढेप आहे, म्हणून काय गावातल्या सगळ्या सामानात तीस टक्के गूळच आहे असं होत नाही. त्यामुळं बायोप्सीत ३० टक्के निघणाऱ्या माणसाचं पीडीएफएफ त्याच्यापेक्षा बरंच कमी, साधारण १५ च्या आसपास असू शकतं. ३० ची लाल रेघ बायोप्सीची आहे. एमआरआयचा १२ बघून 'तीसपेक्षा लई कमी, बिनधास्त' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

बायोप्सी पूर्वी बरीच सेंटर सरसकट करायची. आता बरेच जण गरज असेल तरच करतात. सुई लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग काढते, चरबी सगळीकडं सारखी पसरलेली नसते, आणि क्वचित रक्तस्राव होतो. पण इमेजिंगचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील, किंवा रक्तातलं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढतं ते) वाढलेलं असेल, किंवा नुसती चरबी नसून सूज-जखम आहे अशी शंका असेल तर सुईला पर्याय नाही, कारण सूज कुठल्याच फोटोत नीट कळत नाही. धागाकर्त्याच्या बाबतीत सख्खा भाऊ फॅटी लिव्हरनंच आजारी पडलाय, म्हणून टीम जरा जास्त खोलात बघेल. घरात जेवण एक आणि जीन्स पण एक.

फायब्रोस्कॅनला तीन तास उपाशी जा. त्यात दोन आकडे येतात, कॅप म्हणजे चरबी आणि केपीए म्हणजे ताठरपणा. कॅप चाळणीपुरता ठीक आहे, डोनरमध्ये ताठरपणा बघण्यासाठी जास्त उपयोगी.

मंगळवारपेठी
बरं बाबा. पण मग घाईच्या केसला काय करत्यात? आमच्या ओळखीत एका पोरीनं उंदराची पेस्ट खाल्ली होती, तिच्या आईनं लगोलग लिव्हर दिलं.

पोटोबा_एमडी
त्यात पिवळा फॉस्फरस असतो, काही दिवसांत लिव्हर बसतं. तिथं वजन उतरवायला वेळच नसतो, एक-दोन दिवसांत सीटी, रक्त, जमलं तर एमआरआय, आणि निर्णय. थोडी चरबी असलेली आई पण अशा वेळी घेतली जाते, कारण दुसरा माणूस आणायला वेळ नाही. सिरॉसिसमध्ये बहुतेक वेळा काही आठवडे हातात असतात, तो फरक आहे.

निसर्गप्रेमी_आजरा
एवढं सगळं करण्यापेक्षा गुळवेल आणि भुईआवळ्याचा काढा रोज सकाळी अनशापोटी घ्या, महिन्यात लिव्हर लख्ख. अनुभवाचे बोल.

पोटोबा_एमडी
कृपया डोनरनं हे अजिबात करू नये. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन लिव्हरला सूज आलेल्या मुंबईतल्या पेशंटवर तिथल्या डॉक्टरांनी पेपर लिहिला होता. तपासणीच्या तोंडावर एसजीपीटी वाढलं तर चांगला डोनर हातचा जाईल.

निसर्गप्रेमी_आजरा
आमचे आजोबा ९२ वर्षे जगले काढ्यावर.

राजारामपुरी_७वी_गल्ली
आजोबांनी कुणाला लिव्हर दिलं न्हवतं काका. चला पुढं.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. पुण्याला जाऊन आलो. एलएआय अधिक १ आला, लिव्हर ४८ आणि स्प्लीन ४७. पीडीएफएफ ९.४. पण सर्जन चरबीवर कमी आणि दुसऱ्याच गोष्टीवर जास्त बोलले. माझं लिव्हर साधारण १४०० ग्रॅम, उजवा भाग ९५०, म्हणजे तो काढला तर माझ्याकडं ४५० उरणार, ३२ टक्के. ते म्हणाले चरबी नसती तर ३२ वर विचार केला असता, चरबी आहे म्हणून आत्ता नको. मग मी म्हटलं डावा भाग घ्या की, माझ्याकडं जास्त राहील, तर म्हणाले दादाचं वजन ६८, त्याला निदान साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास लागतं, ४५० मध्ये भागत नाही. सहा ते आठ आठवडे वजन उतरवा, परत एमआरआय करू, दादाला तोवर औषधांवर सांभाळतो, आणि धाकट्या बहिणीची पण तपासणी सुरू ठेवा असं सांगितलं. हे चरबीचं आणि उरण्याचं गणित एकमेकांत कसं काय अडकलंय ते कुणी सांगेल काय? तिथं ऐकताना मान हलवली सगळ्यानं आणि एसटीत बसल्यावर एकमेकाला विचारत बसलो.

पोटोबा_एमडी
४५० ग्रॅम म्हणजे वजनकाट्यावरचे ४५०. त्यातल्या काही पेशी चरबीनं फुगलेल्या असतील तर काम करणारं लिव्हर त्याहून कमी. शिवाय फुगलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या दाबतात, आणि कापून उरलेल्या तुकड्याला नेमका त्याच वेळी आतड्याकडनं येणाऱ्या सगळ्या पोर्टल रक्ताचा लोंढा सोसायचा असतो आणि वाढायचं पण असतं. चरबीचं लिव्हर त्यात मागं पडतं. म्हणून ३० च्या खाली उरत असेल तर सहसा कुणीच हात घालत नाही, ३० ते ३५ मध्ये लिव्हर स्वच्छ असेल तर घेतात, चरबी असेल तर ३५ तरी मागतात. सेंटरप्रमाणं थोडं इकडंतिकडं होतं. तिकडं दादाच्या बाजूला पण तेच, गार पेटीत ठेवलेला चरबीचा तुकडा रक्त परत सुरू झालं की जास्त मार खातो. पण तुमच्या केसमध्ये अडचण तुमच्या बाजूची आहे, आणि सर्जननी ती सांगितली म्हणजे टीम बरी आहे. उजव्या भागाच्या डोनेशनमध्ये डोनर दगावण्याचा धोका हजारात दोन ते पाच असा सांगितला जातो. आकडा छोटा आहे, शून्य नाही.

गारगोटीची_लेक
मी माझं सांगते. नवऱ्याला दिलं. माझं पीडीएफएफ ११ होतं आणि वजन काय फार नव्हतं बघा, ६१ किलो, कुणी जाडी म्हणालं नसतं. डाएटिशियननं साखर, गूळ, उसाचा रस, बेकरी, तळलेलं सगळं बंद केलं, भात वाटीभर, डाळी, ताक, अंड्याचं पांढरं, भाज्या. रोज भरभर चालणं, शेवटी शेवटी पळणं. उपास करू नका, एकदम वजन पाडलं तर उलटं होतं असं बजावलं होतं. दुसऱ्या एमआरआयला ४ च्या खाली आलं. पोट आत जायच्या आधी लिव्हरमधली चरबी जाते म्हणतात, ते मला पटलं.

पण मला दुसरंच सांगायचंय. आमच्याकडं लिव्हर लागणार म्हटल्यावर सगळ्यांची पहिली नजर माझ्याकडं आली, दिराकडं नाही. माझी इच्छा होतीच, तो प्रश्न नाही. तरी पहिला रिपोर्ट फॅटी आला तेव्हा सासूबाई चार माणसांत म्हणाल्या, खाऊन खाऊन करून घेतलंस. तपासणीत एकदा मानसोपचारवाल्या मॅडमनी मला एकटीला बसवलं आणि विचारलं की तुला मनातनं नको असेल तर आत्ता सांग, आम्ही घरच्यांना फक्त 'मेडिकली बसत नाही' एवढंच कळवू, कारण सांगणार नाही. मी हो म्हणाले ते त्या खोलीत म्हणाले, घरात म्हटलेलं हो मी धरतच नाही. पंचगंगाकाठ, तुम्ही पुरुष आहात, तुम्हाला कुणी खाऊन खाऊन म्हणणार नाही, पण बहीण तपासणीला जाईल तेव्हा तिला एकटीला बोलू द्या. बाहेर दारात उभं राहू नका.

पंचगंगाकाठ
ताई, हे बरं सांगितलंसा. ती इचलकरंजीला दिलीय, तिच्या घरचं वेगळं टेन्शन. मी स्वतः तिच्याशी बोलतो.

तालमीचा_गडी
एक शंका. मी आता कुस्ती खेळत न्हाई पण खुराक सुटला न्हाई, सकाळी गंगावेशीतलं म्हशीचं ताजं दूध, थंडाई, बदाम, रविवारी मटण. वजन ९६, बॉडी दगडासारखी. मला पण बघायला पायजे काय?

सीटीवाला_बावडेकर
पैलवान, तुमच्यासारखी बॉडी सीटीवर बघितलीय आम्ही, दंड ५६ इंची आणि लिव्हर ३५ वर. खुराक पचवायला रोजच्या जोर-बैठका पाहिजेत. एकदा एसजीपीटी आणि फायब्रोस्कॅन करून घ्या. आणि पावडर-इंजेक्शनं घेत असाल तर डॉक्टरला खरं सांगा.

तालमीचा_गडी
५६ इंची दंड कुणाचा असतोय रे 😂 पण करून घेतो.

राजारामपुरी_७वी_गल्ली
पंचगंगाकाठ, तांबडा-पांढरा बंद काय मग? आमच्या मेव्हण्याला पांढरा रस्सा बंद म्हटल्यावर त्यानं डॉक्टरला विचारलं, मटण न खाता नुसता रस्सा चालंल काय. नारळाचं दूध, काजू, वर तेलाची तर्री, डॉक्टर बघतच बसले त्याच्याकडं.

पंचगंगाकाठ
बंद म्हणजे बंदच. रोज पहाटे विद्यापीठाच्या ग्राउंडवर असतो. दारू मी घेत नव्हतोच फारशी, तीही पूर्ण सोडलीय. सगळ्यात अवघड चहातली साखर. गुऱ्हाळावर तर जायचंच सोडलं, आमचं शेत तिकडंच असून.

सीटीवाला_बावडेकर
एक टीप. दुसरी एमआरआय शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा. आणि नुसत्या चरबीसाठी सीटी परत करू नका, उगाच रेडिएशन. श्वास सांगितल्यावर नीट रोखा, हलला तर आकडा बिघडतो.

पंचगंगाकाठ
अपडेट देतो. वजन ७५. पीडीएफएफ ४.१. एसजीपीटी नॉर्मल, फायब्रोस्कॅनचा ताठरपणा ४.८ केपीए, त्यामुळं बायोप्सी लागणार नाही म्हणाले. उरणारा भाग ३२ टक्केच आहे, तो काय वजन उतरवून वाढत नाही, पण आता लिव्हर स्वच्छ म्हणून सर्जन तयार आहेत. एमआरसीपीत पित्ताची एक फांदी वेगळी फुटलीय, दोन जोड द्यावे लागतील, ते दादाच्या बाजूला. बहिणीचं पण जुळत होतं, पण तिनं मॅडमना एकटीत काय सांगितलं ते मी विचारलं नाही आणि विचारणार पण नाही. तिच्याबद्दल 'बसत नाही' असा निरोप आला, विषय संपला. आता नात्याचे पुरावे गोळा करायचं चाललंय, रेशनकार्डावर दादाच्या नावात एक अक्षर चुकलंय त्यावरनं सगळी पळापळ.

राजारामपुरी_७वी_गल्ली
नाद खुळा भावा! गॅझेटचं काम लवकर लाव, तिथंच आमचा वेळ गेला होता.

इचलकरंजी_लूम
धागा सगळा वाचला. माझ्या आईला द्यायचंय, मी २७, वजन ५४, सोनोग्राफी एकदम नॉर्मल आलीय. मग मला एमआरआयची गरज नाही ना? आणि इथला सीटी पुण्यात चालेल का, परत पैसे नकोत.

सीटीवाला_बावडेकर
वर लिहिलंय तेच, सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे चरबी नाही असं नसतं, बारीक माणसांत पण निघते. पित्तनलिकांसाठी एमआरआय करतीलच, त्यात पीडीएफएफ धरायला सांगा. इथला सीटी चालायचा असेल तर साध्या फेरीसकट सगळ्या फेऱ्या पातळ कापाच्या हव्यात, म्हणून आधी पुण्याच्या टीमकडनं प्रोटोकॉल लिहून आणा आणि मगच करा. फिल्म नका नेऊ, डायकॉमची, म्हणजे स्कॅनच्या मूळ कॉम्प्युटर फाइलची, सीडी किंवा पेनड्राइव्ह न्या, फिल्मवरनं व्हॉल्यूम मोजता येत नाही.

इचलकरंजी_लूम
सीडी मागितली की देतात का?

सीटीवाला_बावडेकर
देतात. बिल करतानाच सांगायचं, मागनं गेलं की शोधाशोध होते.